शून्याच्या वरचा कागद

माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने मला फसवलं. ऐंशीच्या दशकात, मध्य प्रदेशातल्या बालाघाटात, त्यांच्या भाड्याच्या घराच्या पडवीत, भर दुपारी, दोन साक्षीदारांसमोर फसवलं. त्यांनी मला पंख दिले, त्या बदल्यात माझ्याकडचं होतं नव्हतं ते सगळं घेतलं, आणि आभाळ मात्र दिलं नाही.

हे एका खेळात घडलं म्हणून घरातली माणसं हसतात. मी हसत नाही. मी आयुष्यभर सौदे केले आणि मला कळतं की माल दिला म्हणजे तो वापरू द्यावा लागतो. कुणाला पोती विकायची आणि मग त्यात तांदूळ भरू द्यायचे नाहीत, असं मी एकदाही केलेलं नाही.

माझा धंदा जुन्या बारदान्याचा. राइस मिलवाल्यांकडून फाटकी पोती घ्यायची, उसवायची, ठिगळं लावायची, झटकायची आणि पुन्हा मिलवाल्यांनाच द्यायची. बापाने मला काही ठेवलं नव्हतं. एका सायकलवर मी हा धंदा उभा केला. टिनाच्या छपराखाली माझं गोदाम होतं, इतकं बुटकं की मधली तुळई चुकवायला मला मान वाकवावी लागे. पोतं तपासायची माझी एक रीत होती. तोंड फाकवून डोकं आत घालायचं आणि उजेडाकडे बघायचं. आतून भोकं दिसतात, विरलेली जागा दिसते. पण खरं सांगायचं तर कधी कधी मी पोत्यात गरजेपेक्षा जास्त वेळ डोकं ठेवून उभा राहत असे. तागाच्या त्या तपकिरी अंधारात बारीक बारीक उजेडाचे ठिपके असत, शेकड्यांनी, आणि भर बाजारात मी एकटाच कुठल्यातरी दुसऱ्या मुलखाच्या रात्रीखाली उभा असल्यासारखं वाटे. मग कुणी हाक मारली की मी तोंड बाहेर काढायचो आणि ओरडायचो, "हा माल हाय का चाळणी?"

उडायची इच्छा माझ्या मनात कधी शिरली तेही मला ठाऊक आहे. एकदा बैहरहून येताना मी ट्रकमध्ये, पोत्यांच्या थप्पीवर पडून घाट उतरलो होतो. एका वळणावर झाडं बाजूला झाली आणि खाली सगळं सपाट मैदान दिसलं. धानाच्या बांध्या, त्यांत साचलेलं पाणी, आणि दूरवर वैनगंगा, कुणाच्या तरी हातातून सुटून पडलेल्या दोऱ्यासारखी. मी आपलं गाव शोधू लागलो. माझं छप्पर शोधू लागलो. तेवढ्यात वळण संपलं आणि सागाच्या पानांनी पुन्हा सगळं झाकून टाकलं. वरून काय दिसतं, हा प्रश्न माझ्या डोक्यात तेव्हापासून अर्धा राहिलेला आहे.

आता भाऊजी. ते शहराजवळच्या मँगनीजच्या खाणीत नकाशे काढायचे. आधी तिरोडीला होते, मग इकडे आले. सडपातळ, शांत, बोटांच्या पेरांत कायम काळी शाई. खाणीत कुणी परदेशात शिकलेले इंजिनियर एक यंत्र बसवायला आले होते. ते जाताना विश्रामगृहाच्या खणात एक इंग्रजी पुस्तक आणि एक विचित्र फासा विसरून गेले. फासा वीस बाजूंचा होता. भाऊजींनी महिनाभर वाट पाहिली, कुणी न्यायला आलं नाही, तेव्हा दोन्ही घरी आणले आणि शब्दकोश घेऊन बसले.

तो खेळ असा होता. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकजण सांगणारा. तो सांगतो: तुम्ही एका किल्ल्याच्या दारात उभे आहात, आत अंधार आहे, आता काय करता? बाकीचे प्रत्येकी एकेक माणूस घेतात आणि त्याच्या वतीने बोलतात. त्या माणसाला आम्ही गडी म्हणायचो. गड्याची ताकद, सामान, जखमा सगळं एका कागदावर लिहिलेलं. अवघड काम असलं की फासा टाकायचा. मोठा आकडा आला तर जमलं, छोटा आला तर फसलं. हरणं जिंकणं नाही. गोष्ट पुढे जात राहायची, एका रविवारहून दुसऱ्या रविवारी.

सांगणारे भाऊजी. ताईचा गडी एक वैद्यीण, तांदूळ निवडता निवडता ती आमच्या जखमा बऱ्या करायची. पुढच्या खोलीत भाड्याने राहणारे हिंदी शाळेतले मास्तर, वर्गात मुलाला मान वर करू न देणारे, ते झाले दरोडेखोर. आणि मी पहिल्या दिवशी एक साधा शिपाई घेतला होता. तलवार, चिलखत, घोडा, ढाल. दोन रविवार चाललो आणि तिसऱ्या रविवारी म्हणालो,

"भाऊजी, मले पंख पायजेत."

"काहून?"

"उडाले. आनखी कायले?"

"पुस्तकात हायेत उडणारे," भाऊजी पानं उलटत म्हणाले. "पन महाग पडते, साळेबुवा."

महाग हा शब्द ऐकला की माझं रक्त सळसळतं. मी मांडी बदलून बसलो. ताईने सूप खाली ठेवलं. तिला माहीत होतं.

"काय घेसान?"

"घोडा."

"पंख असल्यावर घोडा कोनाले पायजे? घ्या."

"चिलखत. वजन घेऊन उडता येत नाई."

"अर्धं ठेवतो. छातीपुरतं."

"नाई."

"खांद्याचं तरी?"

"नाई बाप्पा. अन तलवार बी."

"तलवार काहून? तलवारीनं का वजन होते?"

"तुले पायजेत का नाई पंख?"

मास्तर मध्ये पडले. "अरे भैया, तलवार मत छोड़ना. फिर लड़ेगा किससे, चोंच से?"

ताई इतकी हसली की निवडलेले तांदूळ पुन्हा खड्यांत मिसळले. मी मात्र हसत नव्हतो. मी तलवार दिली, ढाल दिली, शेवटी अंगातली अर्धी ताकदही दिली, म्हणजे माझा गडी इतरांपेक्षा निम्म्या घावात मरणार. बदल्यात हवं तेव्हा, हवं तितकं, न थकता उडायचं. कुणाचे पंख, तेही मी लिहून घेतलं. भाऊजी म्हणाले, गिधाडाचे घे, मोठे असतात. मी म्हणालो, सारसाचे. आमच्याकडे धानाच्या बांधीत सारसाची जोडी उतरते तेव्हा माणूस बैल थांबवतो. राखी रंगाचे ते पंख पसरले की आवाज आधी येतो आणि पक्षी मागून उठतो. भाऊजींनी कागदावर लिहिलं: सारसाचे पंख, मर्जीप्रमाणे उड्डाण. खाली त्यांनी सही केली आणि मी केली. तो कागद आजही माझ्याजवळ आहे.

त्या आठवड्यात मी गोदामात मान वाकवायला दोनदा विसरलो आणि दोनदा तुळईवर डोकं आपटलं.

पुढच्या रविवारी भाऊजींनी गोष्ट उघडली ती एका बोगद्यात. उंची साडेपाच फूट.

"मी उडतो," मी म्हणालो.

"डोकं लागते."

त्याच्या पुढच्या रविवारी गुहा. मग तळघर. मग एक जंगल आलं, मी खूश झालो, तर ते इतकं दाट निघालं की फांद्यांत पंख अडकले. मग एकदा मोकळं पठार दिलं त्यांनी, पण त्यावर वादळ. मी फासा टाकला, तीन आले, आणि मी एका दरीत जाऊन पडलो, आणि दरीच्या तळाला काय होतं? बोगद्याचं तोंड.

हे मी तीन महिने सहन केलं. बाजारात मी इतका वेळ कुणाचं ऐकून घेत नाही. एका दुपारी माझा गडी पुन्हा एका दगडी छताखाली वाकून उभा होता आणि भाऊजी त्यांच्या त्या हळू आवाजात सांगत होते की वरून पाण्याचे थेंब पडताहेत, टप, टप. माझ्या डोक्यात काहीतरी सटकलं. मी फासा उचलला आणि अंगणात भिरकावला.

"तुमी मले फसवून राह्यले भाऊजी! पंख देले अन वर दगड ठेवला!"

"मी काय फसवलं? बोगद्यात छत असतेच."

"मंग बोगद्यातच काहून नेता दर खेपेले? दुनियेत मैदान नाई का?"

"तू उडून गेल्यावर हे दोघं काय करतीन?" भाऊजींनी ताईकडे आणि मास्तरांकडे हात केला. "तू वरून किल्ला पाहून घेसीन, दरवाजा चुकवसीन, राक्षसाच्या डोक्यावरून जासीन. अन हे खाली बसून पायतीन तुझ्याकडे. खेळ चौघांचा हाय."

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणून मला जास्त राग आला. पण माझ्याकडेही उत्तर होतं आणि ते मी आजही मागे घेत नाही. मी म्हणालो, "मंग वर बी काही ठेवा ना! वरून जे दिसते ते मी खाली येऊन या दोघायले सांगीन. मास्तरले रस्ता सांगीन. ताईले जडीबुटी कुठी उगवते ते सांगीन. मले अडवू नका, मले कामाले लावा!"

ताई अंगणात जाऊन लिंबाच्या आळ्यातून फासा शोधून घेऊन आली. त्याचा एक कोपरा उडाला होता. सतराचा आकडा. त्यानंतर तो फासा सतरावर कधीच थांबला नाही, आणि दर वेळी तो सतरावर येऊन पुढे कलंडला की भाऊजी माझ्याकडे नुसतं बघायचे. ती चूक माझी. ती मी कबूल करतो.

त्या दिवशी संध्याकाळी निघताना ताईने मला फाटकाशी थांबवलं.

"तू त्याईच्यावर नको चिडू. त्याईले वरचं काढता येत नाई."

"म्हंजे?"

"त्याईचे नकाशे पाय एकडाव."

मी पाहिले. पुढच्या रविवारी खेळाआधी मीच मागितले. तोवर मला वाटत होतं की ते सगळं मनातून सांगतात. तसं नव्हतं. प्रत्येक जागेचा त्यांनी नकाशा काढला होता, खाणीत काढतात तसा, पातळ पारदर्शक ट्रेसिंगच्या कागदावर, एका पातळीला एक कागद. खाणीच्या तोंडाशी शून्य. तिथून खाली उतरलं की आकडा वाढत जातो. पहिली पातळी, दुसरी पातळी, तिसरी. सगळे कागद एकावर एक ठेवले की वरच्यातून खालचे बोगदे फिकट निळे दिसायचे, पाण्याखालच्या शेवाळासारखे. फार सुंदर काम होतं ते. मी बारदान्यातला माणूस, पण सुबक हात मला ओळखता येतो.

"अन शून्याच्या वर?" मी विचारलं.

भाऊजी हसले. "वर आमचं काही नाई ना बाबू. वरचं झाड जंगलखात्याचं, वरची वाट गावाची. खाणीचा पट्टा खालचा. वीस वर्सं झाले, मी वरचं कधी काढलंच नाई. उंची कुठून मोजाची तेच मले समजत नाई."

तेव्हा मला कळलं की हा माणूस मला मुद्दाम अडवत नव्हता. राक्षस, किल्ले, जादूगार त्यांना कल्पनेत दिसत होते, पण ते सगळे जमिनीच्या पोटात दिसत होते. मी पंख मागितले तेव्हाच त्यांनी हे सांगायला हवं होतं. गिऱ्हाईक मागतं आहे तो माल आपल्याकडे नाही, हे सांगायला काय लागतं? त्याऐवजी त्यांनी माझी तलवार घेतली.

मी शांत झालो. मी शांत झालो की मिलवाले सावध होतात. भाऊजींना ते माहीत नव्हतं.

त्या हिवाळ्यात आम्ही चौघं एका रविवारी बसने हट्ट्याला गेलो, तिथली बावडी, म्हणजे पायऱ्यांची जुनी दगडी विहीर, बघायला. डबे घेतले होते. ताई आणि मास्तर कमानीखाली सावलीत बसले आणि भाऊजी फूटपट्टी काढून पायऱ्या मोजू लागले. मी खाली उतरलो. दगड गार होते. पाणी हिरवं, हलत नव्हतं. मी शेवटच्या कोरड्या पायरीवर उभा राहिलो आणि वर पाहिलं. चारी बाजूंनी दगड चढत गेले होते, कमानी, सज्जे, अंधार, आणि सगळ्याच्या वर आभाळाचा एक तुकडा. त्यातून एक घार गेली. इकडून आली, तिकडे गेली, मला तिची फक्त पोटाकडची बाजू दिसली.

भाऊजी वरून ओरडले, "पसंत पडली का जागा?"

"लय पसंत पडली," मी म्हणालो. माझा आवाज दगडांवर फिरून माझ्याचकडे परत आला. "यावरच काढा ना पुढचा किल्ला."

त्यांनी काढला. त्यांना वाटलं, मेव्हणा सुधारला. आठवडाभर खपून त्यांनी एक बावडी काढली, हट्ट्याच्या बावडीपेक्षा कितीतरी खोल, नऊ पातळ्यांची. आणि आम्ही उतरायला लागलो. दोन महिने उतरत होतो. मी एकदाही उडायचं नाव काढलं नाही. पहिल्या पातळीवर मोराचा आवाज येणारी एक खोली होती, पण मोर नव्हता. तिसऱ्या पातळीवर दगडाच्या बायका बसल्या होत्या, त्यांच्या मांडीवर दगडाचं निवडलेलं धान्य. ताईला ती जागा फार आवडली, तिची वैद्यीण तिथून उठेना. पाचव्या पातळीवर मास्तरांच्या दरोडेखोराला त्याच्या बापाचा एका पायाचा जोडा सापडला, आणि मास्तरांनी आपल्या कागदावर तो सामानात सगळ्यात वर लिहिला. सातव्यावर बाजूच्या दालनांत पाणी उलटं होतं, छताला. आम्ही त्याच्याखालून कोरडे चालत गेलो आणि वर मासे फिरत होते. भाऊजींसारखा सांगणारा मी पुन्हा ऐकला नाही. पडवीत दुपारचं ऊन सरकत यायचं, बाहेर कुणाच्यातरी रेडिओवर बातम्या लागायच्या, चहा निवायचा, आणि आम्ही चौघं जमिनीखाली कुठेतरी, हळू बोलत.

नवव्या पातळीवर तळ आला. काळं पाणी, मध्ये एक ओटा, ओट्यावर आम्ही ज्यासाठी आलो होतो तो दिवा. ताईच्या गड्याने दिवा उचलला. भाऊजी म्हणाले, "आता परत निंगाले रस्ता शोधा. जिने पडले हायेत."

मी म्हणालो, "मी उडतो."

"कुठी उडतो? खाली हाय आपन."

"बावडी हाय भाऊजी. बावडीले छत नसते."

मास्तरांनी मांडीवर थाप मारली. "पकड़ लिया रे! दो महीने से चुप बैठा था बदमाश!"

भाऊजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. खिशातला हुकमी पत्ता टाकतो तसा मी तो जुना कागद जमिनीवर ठेवला. मर्जीप्रमाणे उड्डाण. त्यांची सही.

"मास्तर, ताई, दोरी माझ्या पायाले बांधा. मी वर जाऊन दोरी बांधतो, तुमी चढा. चौघांचा खेळ हाय ना? मंग हे माझं काम."

भाऊजींनी फासाही मागितला नाही. मला वाटतं, त्यांनाही बघायचं होतं. त्यांनी नवव्या पातळीचा कागद जमिनीवर पसरला आणि म्हणाले, "पंख उघडले. पान्यावर वारा पडला, दिव्याची ज्योत वाकली."

मग आठवा कागद त्यांनी नवव्यावर ठेवला. "आठ. भिंतीतल्या कोनाड्यातली वटवाघळं तुले वाट देऊन राह्यली."

सातवा कागद. मासे छताच्या पाण्यातून बाजूला झाले आणि मी मधल्या कोरड्या जागेतून वर गेलो. सहावा. पाचव्यावर दुसऱ्या पायाचा जोडा पडलेला दिसला, येताना तो कुणालाच दिसला नव्हता. मी ओरडून खाली मास्तरांना सांगितलं आणि मास्तरांनी डोळे मिटून मान हलवली. चौथा. तिसऱ्यावर दगडाच्या बायकांनी मान वर केली. दुसरा. कागदावर कागद पडत होता. भाऊजींचा आवाज खाली खाली जात होता आणि माझ्या खांद्यांत काहीतरी ताणलं जात होतं. मी हे शपथेवर सांगतो. मी पडवीत मांडी घालून बसलो होतो आणि माझ्या खांद्यांत वारा भरत होता. पहिली पातळी, मोराचा आवाज, आता अगदी जवळ.

मग त्यांनी शून्याचा कागद ठेवला. बावडीचं तोंड, एक चौकोन, त्याच्याभोवती त्यांच्या सुबक हाताने काढलेली दगडांची ओळ. मी वरून खाली पाहिलं. नऊच्या नऊ पातळ्या एकाखाली एक दिसत होत्या, फिकट, आणखी फिकट, आणि तळाशी कुठेतरी एक ठिपका. तो दिवा होता.

"दोरी बांधली," मी म्हणालो. "हे दोघं चढतीन. आता मी वर जातो. आनखी वर."

"जा."

"गेलो. काय दिसते?"

भाऊजींनी हात पुढे केला, पुढचा कागद घ्यायला. कागद नव्हता. हात तिथेच राहिला.

"सांगा ना जी. वरून काय दिसते?"

ताई त्यांच्याकडे बघत होती. ते माझ्या डोक्याच्या वर कुठेतरी बघत होते, पडवीच्या कौलांच्याही पलीकडे. ते म्हणाले, "आज नाई. पुढच्या रविवारी सांगतो. चांगलं सांगतो."

मी दोरी सोडून वर गेलेला. दोन्ही पंख पसरलेले. आमचा एक नियम होता, त्यांनीच घातलेला: खेळ थांबला की गडी जिथे असेल तिथेच राहतो, सांगणाऱ्याने हलवल्याशिवाय हलत नाही.

पुढच्या रविवारी पाहुणे आले. त्याच्या पुढच्या रविवारी त्यांना ताप होता. तिसऱ्या रविवारी मी गेलो तर घरात खोके बांधलेले. बदली. नागपूरकडे. मास्तर फाटकाशी उभे होते, हातात त्यांच्या गड्याचा कागद. ताईच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मी, सख्खा भाऊ, तिला निरोप द्यायचा सोडून नवऱ्याशी भांडायला गेलो.

"पाच मिनिटाचं काम हाय. सांगून जा."

"असं पाच मिनिटात नाई होत ते," भाऊजी सुतळी आवळत म्हणाले. "मी काढून राह्यलो. पुरं झालं की सांगतो."

हे मी तेव्हा थाप समजलो. पण ताईने नंतर पत्रात लिहिलं की ते खरंच काढत होते. त्या तीन आठवड्यांत रोज खाणीतून आल्यावर एक मोठा कागद पसरून बसायचे, घरातला सगळ्यात मोठा, आणि सायकलने वैनगंगेच्या पुलापर्यंत जाऊन यायचे, आणि पुन्हा बसायचे. नागपूरला गेल्यावरही काढत होते. मग कधीतरी त्यांनी तो गुंडाळला, नकाशे ठेवायच्या पत्र्याच्या नळीत घातला आणि नळी कपाटावर ठेवली.

ती नळी आजही तिथेच आहे. माझं बुटकं गोदाम गेलं, आता माझं पक्कं दुकान आहे, छत इतकं उंच आहे की पंखा लोंबता लावावा लागला. मास्तर वारले. ताईचे गुडघे गेले. दर दिवाळीला मी नागपूरला जातो आणि दर वेळी कपाटाच्या वर बघतो. मागच्या खेपेला मी खुर्ची ओढली आणि चढायला लागलो.

"खाली उतर," भाऊजी म्हणाले. त्यांच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली आहेत, पण एवढं त्यांना बरोबर दिसतं.

"तुमी उतरवल्याशिवाय मी उतरत नसतो. नियम तुमचाच हाय."

"अरे पोरा, इतके वर्सं झाले. उतरून गेला असशीन तू आतालोक."

"मी नाई उतरलो."

"त्यात काही नाई हो," ते ताईकडे बघून म्हणाले.

ताई म्हणाली, "काही नाई त झाकन काहून नाई उघडू देत? मले बी पुसाले हात लावू देत नाई."

त्यांनी चहा मागवला. मी चहा न पिता निघालो, आणि माझा धंदा जाणणाऱ्यांना ठाऊक आहे की मी चहा न पिता उठलो म्हणजे काय.

तेव्हा भाऊजी, हे मी छापून मागतो आहे, कारण तोंडी मागून झालं. मी तलवार दिली, ढाल दिली, घोडा दिला, निम्मा जीव दिला. सही तुमची आहे. मी अजून त्या बावडीच्या वर आहे. खाली नऊ पातळ्या दिसतात आणि तळाशी दिवा दिसतो, एवढंच तुम्ही मला दिलंत. नदी कुठे आहे, गाव कुठे आहे, माझं छप्पर कोणतं, हे तुम्ही काढलं असेल तर दाखवा. काढता आलं नसेल तर तसं माझ्या तोंडावर सांगा, मी ऐकून घेईन, पहिल्यांदाच ऐकून घेईन. पण ती नळी कपाटावरून काढा. या दिवाळीला ताईसमोर तिचं झाकण उघडा, आणि मला उत्तर द्या: वरून काय दिसतं?